भिंतीत लावायचा पियानो

२०१० साल. तुम्ही अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या एका घरात, कॉम्प्युटरसमोर बसलेल्या माणसाच्या पाठीशी उभे आहात. घरातली मुलं कुरकुर करतायत, नेट चालत नाही म्हणून. हा माणूस जिम गेटिस, एक्स विंडो सिस्टिमच्या मूळ कर्त्यांपैकी एक. तो जुन्या फायलींचा गठ्ठा एमआयटीला पाठवतोय. पाठवणं थांबवलं की मुलांचं नेट पळतं, पुन्हा सुरू केलं की ठप्प. पडद्यावरचा पिंगचा, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेचा, आकडा तुम्हीच वाचा. दहा-वीस मिलिसेकंदांच्या घरात असायला हवा, तो एक सेकंदाच्या वर गेलाय.

तुमच्याही घरी हे झालंय. कुणीतरी लग्नाचे फोटो अपलोडला लावले आणि तुमचा व्हिडिओ कॉल गोठला. तेव्हा तुम्ही म्हणालात, स्पीड कमी पडतोय, वरचा प्लॅन घेऊ. आज जरा राऊटरच्या आत शिरून बघा. बाहेर पडायची वाट अरुंद, समजा सेकंदाला एक मेगाबिट. तिच्या तोंडाशी २५६ किलोबाइटचा बफर, म्हणजे डेटाच्या तुकड्यांना, पॅकेटांना, थांबायची जागा. मेमरी स्वस्त झाली, एकही पॅकेट वाया जाऊ नये म्हणून सढळ हातानं ठेवलेला. तो काठोकाठ भरला की शेवटच्या पॅकेटला दोन सेकंद ताटकळावं लागतं. गोम अशी की, पाठवण्याचा वेग ठरवणारा टीसीपी पॅकेट हरवलं की मगच हात आखडता घेतो. इथे बफर भरेपर्यंत काही हरवतच नाही, सगळं निमूट रांगेत उभं राहतं. म्हणून टीसीपी ओततच राहतो आणि रांग ओसरत नाही. गेटिसनं या दुखण्याला नाव दिलं, बफरब्लोट.

आता दक्षिणेला उतरा, निकाराग्वाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर. समुद्र, झाडी, मुसळधार पाऊस, आणि त्यातून वायफायनं नेट पुढे नेण्याची खटपट करणारा एक माणूस. जवळ गिटार. हा डेव्ह टॅट. आडनाव नीट ऐका. एस्टोनियन भाषेत त्याचा अर्थ तारा. जन्म १९६५चा. नेटवर्क इंजिनिअर, गाणारा, गाणी रचणारा, आणि माणसानं लघुग्रहांवर पोचलंच पाहिजे असं पोटतिडकीनं सांगत फिरणारा. पुढे तो कॅलिफोर्नियात, हाफ मून बेच्या बंदरात होडीवर राहायला गेला. एवढे नाद असलेल्या माणसाला आपल्याकडे ‘धड एक काही करत नाही’ म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. डेव्हनं जे केलं ते त्याच्या कानानं केलं, आणि तो कान गिटारवर तयार झाला होता.

गेटिसचं म्हणणं डेव्हला लगेच पटलं. दोघांनी मिळून बफरब्लोट प्रकल्प उभा केला. दुरुस्तीची पहिली किल्ली २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी दिली. त्यांचं कोडेल नावाचं तंत्र रांग किती लांब आहे हे बघतच नाही, पॅकेट रांगेत किती वेळ उभं होतं ते बघतं. ताटकळणं सलग १०० मिलिसेकंद ५ मिलिसेकंदांच्या वर राहिलं, की एक पॅकेट टाकून देतं. टीसीपीला इशारा पोचतो, तो आवरतं घेतो.

त्याच वर्षी एरिक डुमाझेनं त्यात वाटणीचा भाग जोडला आणि एफक्यू-कोडेल लिनक्समध्ये आलं. ते समजून घ्यायला तुम्हाला अमेरिकेत थांबायची गरज नाही. आपल्या गल्लीतल्या किराणा दुकानात या. एक गिऱ्हाईक महिन्याची यादी घेऊन उभं आहे: तांदूळ दहा किलो, तूरडाळ चार, शेंगदाणे, साबण. मागून एक पोर धावत येतं, काका, एक काडेपेटी. शहाणा दुकानदार काय करतो? यादी बाजूला ठेवतो, काडेपेटी काढून देतो आणि पुन्हा तांदळाकडे वळतो. यादीवाल्याचं काही अडत नाही. त्या पोराच्या आईचा गॅस मात्र वेळेवर पेटतो. एफक्यू-कोडेल येणारी रहदारी १०२४ कप्प्यांत वाटतं आणि थोडकं काम असलेल्याला आधी सोडतं. तुमच्या कॉलमधला आवाज म्हणजे ती काडेपेटी.

पण कल्पना कागदावर असणं वेगळं आणि ती घराघरातल्या डबड्यात चालणं वेगळं. ती मधली वाट डेव्हनं तुडवली. नेटगिअरच्या साध्या घरगुती राऊटरवर चढवायची सेरोरूट नावाची प्रणाली त्यानं बांधली. चढवायची, मोजायची, बिघडली की पुन्हा बांधायची. मग वायफायची पाळी आली, कारण तिथली रांग आणखी चिवट होती. आणि जो ऐकेल त्याला हे समजावत राहणं तर अखंड चालू होतं. भाषणात तो माणसांनाच पॅकेट करून रांगेत उभं करायचा. त्या रांगेत तुम्हीही उभे राहा. पुढचा हलत नाही, मागचा ढकलतोय, आणि तुमच्या हातातली चिठ्ठी शिळी होत चाललीय. एवढं एकदा अंगावर घेतलं की आकडे सांगावे लागत नाहीत.

२०१५मध्ये या. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाचे नवे नियम लागू झाले तर राऊटरमधलं सॉफ्टवेअर बदलण्याची मुभाच जाईल अशी भीती आहे. डेव्ह सह्या गोळा करतोय. अडीचशेहून अधिक तज्ज्ञांनी सही केली. इंटरनेटच्या जनकांपैकी एक, व्हिंट सर्फ, त्यांत आहेत. आपल्या घरातलं यंत्र उघडून दुरुस्त करण्याचा हक्क आपला, हे त्याचं म्हणणं. मला त्याचं हे काम एफक्यू-कोडेलइतकंच मोलाचं वाटतं.

एवढा आटापिटा मिलिसेकंदांसाठी का? त्याचं एक स्वप्न होतं: पियानो भिंतीतल्या सॉकेटला जोडावा आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या ढोलवाल्याबरोबर वाजवावा. बस, एवढंच.

ते किती दूर आहे हे आपल्याला २०२०मध्ये कळलं. चला तिथे. टाळेबंदी लागलीय, पुण्यात तुम्ही पेटी पुढ्यात घेऊन बसलात, मुंबईहून मित्र फोनच्या पडद्यातून तबल्याची साथ करतोय. द्रुत तीनताल, मिनिटाला २४० मात्रा. म्हणजे एक मात्रा पाव सेकंदाची, २५० मिलिसेकंद. आवाजाला पोचायला तेवढाच वेळ लागतोय. तो समेवर ‘धा’ देतो, तुम्हाला ऐकू येतो तेव्हा तुम्ही दुसऱ्या मात्रेवर. तुम्ही त्याच्यासाठी थांबता, तो तुमच्यासाठी थांबतो, लय खाली खाली जाते. शेवटी तुम्ही म्हणता, जाऊ दे, तू आधी वाजवून पाठव.

आता हिशेब करा. काचेच्या तारेत प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो. पुणे-मुंबई दीडशे किलोमीटर. तार थोडी वळणं घेत गेली तरी एक-दोन मिलिसेकंदांचं काम. हवेत आवाज तेवढ्या वेळात दोन हातही धड जात नाही. मैफलीत तबलजी तुमच्यापासून दीड मीटरवर बसतो, तेव्हाही त्याची थाप कानी यायला चारेक मिलिसेकंद लागतातच. म्हणजे आडवं येतं ते अंतर नाही. आवाज पकडणं, तुकडे करणं यात वेळ जातो, तसाच ठिकठिकाणच्या रांगांतही जातो. हा उशीर जो गातो-वाजवतो त्यालाच सहन होत नाही. बाकीच्यांना चालून जातं.

१ एप्रिल २०२५ला डेव्ह गेला. साठीही गाठली नाही. त्या पियानोचा आवाज अजून शहराच्या पलीकडे सहज पोचत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

परत तुमच्या घरी या. लिनक्सचा लॅपटॉप असेल तर टर्मिनल उघडा आणि टाइप करा: टीसी, क्यूडिस्क, शो. बऱ्याच यंत्रांवर उत्तरात एफक्यू-कोडेल हे नाव येतं. पुढे वाचा: टार्गेट ५ मिलिसेकंद, इंटरव्हल १०० मिलिसेकंद, फ्लोज १०२४. मग मुंबईच्या मित्राला फोन लावा, पेटीचा भाता उघडा, आणि त्याला म्हणा, विलंबित एकताल धर.