झाकणामागची खडखड

सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केली की दोन-तीन सेकंद इंजिनाच्या एका बाजूने, पत्र्याच्या डब्यात साखळी घालून हलवावी तसा आवाज येतो. मग तेल वर चढतं आणि सगळं शांत होतं. गॅरेजला नेईपर्यंत इंजिन गरम झालेलं असतं, त्यामुळे आवाज गायब. मेकॅनिक म्हणतो, "गाडी रात्रभर इथेच ठेवा." दुसऱ्या दिवशी सकाळी तो लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घेतो, टोक इंजिनाच्या कव्हरवर टेकवतो, मूठ कानाजवळच्या हाडाला लावतो आणि पोराला स्टार्टर मारायला सांगतो. निकाल लगेच लागतो. "टायमिंग चेन वाजतेय साहेब. बदलावी लागेल." मग तो आकडा सांगतो आणि साहेब गप्प होतात.

ब्रेकचे पॅड झिजले तर मेकॅनिक ते हातात ठेवतो, टायर गुळगुळीत झाला तर कुणालाही दिसतो. टायमिंग चेन मात्र बंद कव्हरच्या आत, तेलात फिरत असते. ती पाहायची तर इंजिन उघडावं लागतं. उघडायचं तर मजुरी द्यावी लागते, आणि मजुरीच दिली तर न बदलता परत बंद कोण करणार? म्हणजे निर्णय आधी आणि पुरावा नंतर. गाडीवाल्यावर हा प्रसंग का आला, हे समजून घ्यायला या चेनच्या मागे थोडं जावं लागतं.

चेनचं काम एकच: खालचा क्रँकशाफ्ट दोन फेरे फिरला की वरचा कॅमशाफ्ट बरोबर एक फेरा फिरला पाहिजे. व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि कधी मिटायचे, ते या हिशेबावर ठरतं. गॅरेजच्या भाषेत यालाच 'टायमिंग' म्हणतात. चेन दोन-चार दात सरकली, तर बऱ्याच इंजिनांत वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, आणि मग प्रश्न चेनचा राहत नाही, हेडचा होतो.

ही चेन मोटारीसाठी जन्मलीच नव्हती. स्वित्झर्लंडमधून इंग्लंडला आलेल्या हान्स रेनॉल्डने १८७९ मध्ये मँचेस्टरशेजारच्या सॅलफर्डमध्ये एक छोटा चेनचा कारखाना विकत घेतला. तो गिरण्यांच्या यंत्रांसाठी चेन बनवत असे. पुढच्याच वर्षी त्याने पिनेवर बुश आणि बुशवर रोलर अशी रचना केली, त्यामुळे झीज एका बारीक रेघेवर न होता मोठ्या पृष्ठभागावर वाटली गेली. सायकलपासून राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानापर्यंत चेन पोचली ती या रचनेच्या जोरावर. १८९५ मध्ये रेनॉल्डने दातेरी पट्ट्यांची, कमी आवाजाची 'सायलेंट' चेन काढली. सुरुवातीच्या मोटारींत कॅमशाफ्ट दातेरी चाकांनी फिरवत. ती चाकं आवाज करत आणि नेमकी कापायला महाग पडत. चेन आली ती स्वस्त आणि शांत म्हणून. आज खडखडीसाठी बदनाम असलेला भाग मुळात शांततेसाठी इंजिनात शिरला, ही गंमत गॅरेजच्या बाकावर वाट बघत बसलेल्याला सांगून फारसा उपयोग नाही.

मुंबईकरांची या चेनशी ओळख झाली ती फियाटमधून. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली. पुढे तिची 'प्रीमियर पद्मिनी' झाली, पण लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली. १०८९ सीसीच्या त्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली, ब्लॉकमध्येच होता. त्यामुळे चेन आखूड, दोन चाकं जवळजवळ. अशी चेन ढिली पडली तरी थोडी कुरकुर करत वर्षानुवर्षं चाले. शिवाय तिची वेगळी अशी वेळ येतच नसे. नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागे, म्हणून आहे तीच गाडी पुन्हा पुन्हा उघडली जाई. आज हेड उघडा, उद्या रिंगा टाका, परवा बोअर करा. अशा वेळी मिस्त्री म्हणे, "उघडलंच आहे तर चेनपण टाकून घेऊ." मालक मान डोलवे. मजुरी तशीही लागणार होती, वर फक्त चेनची किंमत.

'उघडलंच आहे तर' हे तीन शब्द म्हणजे त्या काळातल्या गॅरेजचा अलिखित कायदाच. त्यात शहाणपणही होतं आणि थोडी हातचलाखीही. कुठलं किती, हे मिस्त्रीवर अवलंबून.

दुचाकीवाल्यांचं तर वेगळंच. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाची स्कूटर म्हणजे आकुर्डीची बजाज चेतक, आणि ती टू-स्ट्रोक. तिला व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, म्हणून टायमिंग चेनही नाही. राजदूत आणि येझदीचं तेच. बुलेट फोर-स्ट्रोक खरी, पण तिचा कॅम दातेरी चाकांवर फिरणारा. तेव्हा प्लग साफ कर, सायलेन्सरमधला कार्बन जाळ, क्लच प्लेट टाक, एवढ्यावर कोपऱ्याकोपऱ्यावरच्या टपऱ्या चालत. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली. सत्त्याण्णव सीसी, फोर-स्ट्रोक, कॅम वर हेडमध्ये, आणि तिथपर्यंत जाणारी लांब, बारीक चेन. स्कूटरवर हात बसलेल्या मेकॅनिकांना नवा आवाज ओळखायला शिकावं लागलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत 'टायमिंग चेन वाजते' हे वाक्य तालुक्याच्या गावीही रुळलं. पुण्याच्या नाना पेठेत ही चेन, तिचे गाईड आणि टेन्शनर एका पुडीत मिळतात. ओरिजिनल मागितलं की दुकानदार आधी 'कंपनीचं की लोकल?' असं विचारतो. त्या दोन पुड्यांच्या किमतींतला फरक पाहिला की पुष्कळ भांडणांचं मूळ सापडतं.

मोटारींत मात्र मधल्या काळात चेन मागे पडली होती. बव्हेरियातल्या डिंगोल्फिंग गावच्या ग्लास या छोट्या कंपनीने १९६२ मध्ये '१००४' या गाडीत कॅमशाफ्ट दातेरी रबरी पट्ट्याने फिरवायला सुरुवात केली. पट्टा हलका, स्वस्त, आवाज नाही, तेलाची गरज नाही. चार वर्षांनी बीएमडब्ल्यूने ती कंपनी विकत घेतली, पण पट्टा तोवर जगभर निघाला होता. आपल्याकडे तो घरोघरी पोचला डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० मधून. या पट्ट्याने एक मोठी गोष्ट केली. त्याला तारीख होती. इतक्या किलोमीटरला बदला, असं पुस्तकात छापलेलं. वाजतो का, दिसतो का, हा प्रश्नच नाही. मेकॅनिक पुस्तकाकडे बोट दाखवी आणि गाडीवाला पैसे देई. निर्णय कारखान्यातच झालेला.

चेन परत आली ती आयुष्यभराचं आश्वासन घेऊन. २००८ मध्ये ए-स्टारबरोबर मारुतीचं के-सिरीज इंजिन आलं, त्यात चेन. पुण्याजवळ रांजणगावला बनलेलं आणि पुढे कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांत बसलेलं फियाटचं १.३ लिटर डिझेल इंजिन, ज्याला वाहनप्रेमी थट्टेने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणत, तेही चेनवालं. बदलण्याचं वेळापत्रक नाही, ही विक्रीची बाजू. तेच वेळापत्रक नसल्यामुळे निर्णय पुन्हा कानावर आणि शब्दावर येऊन पडला. शिवाय ही जुन्या फियाटची आखूड चेन नव्हती. कॅम वर गेल्यामुळे चेन लांब झाली, तिला धरायला प्लास्टिकचे गाईड आले, ताणून ठेवायला तेलाच्या दाबावर चालणारा टेन्शनर आला. आता चेन ठणठणीत असूनही नुसता टेन्शनर थकला तरी खडखड होते. बीएमडब्ल्यूने २००७ च्या एन४७ डिझेल इंजिनात चेन गिअरबॉक्सच्या बाजूला, इंजिनाच्या पाठीमागे नेली. तिथे पोचायला इंजिन उतरवण्याची वेळ येते आणि मजुरी भागाच्या किमतीला मागे टाकते. पट्टा रूढ करणारं डिंगोल्फिंग आज याच कंपनीच्या मोठ्या कारखान्याचं गाव आहे.

गाडीवाल्याचा संशयही काही आजचा नाही. १९४१ मध्ये अमेरिकेत 'रीडर्स डायजेस्ट'साठी रॉजर रीस आणि जॉन पॅट्रिक यांनी एक शक्कल लढवली. ठणठणीत गाडीची कॉइलची एक तार मुद्दाम सोडायची आणि गॅरेजमध्ये जायचं. ३४७ गॅरेजांपैकी ६३ टक्क्यांनी त्यांना या ना त्या प्रकारे फसवलं. नुसती तार जोडून देण्याऐवजी नको ती कामं सांगितली, न केलेल्या कामांचे पैसे लावले. ही आकडेवारी पुढे गुन्हेशास्त्राच्या पुस्तकांत गेली. मात्र तिची दुसरी बाजू कमी सांगितली जाते: तिसऱ्या हिश्शाहून जास्त गॅरेजांनी ती तार नीट जोडून दिली. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदाच केला की काम सुरू करण्याआधी लेखी अंदाज द्यायचा आणि गिऱ्हाइकाने मागितला तर काढलेला भाग परत करायचा. दोन वर्षांनी मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी अशा सेवांवर निबंध लिहिला. घेतल्यानंतरही जिची गरज होती की नव्हती हे गिऱ्हाइकाला कळत नाही, अशी सेवा. मोटारदुरुस्ती हे त्यांचं ठळक उदाहरण होतं. चेन बदलल्यावर आवाज थांबला, तर ती चेन होती की टेन्शनर, हे मालकाला कधीच कळत नाही.

त्याच सुमारास, १९७४ मध्ये, पुण्यात बिंदुमाधव जोशी ग्राहक पंचायत उभी करत होते. पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला आणि 'सेवेतील त्रुटी' हा शब्दप्रयोग गॅरेजलाही लागू झाला. आता मंचापुढे जाता येत होतं, पण जायचं तर हातात कागद हवा. आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजचं बिल म्हणजे बहुधा सिगारेटच्या पाकिटाच्या मागे लिहिलेले चार आकडे. पक्कं बिल मागितलं की कर वाढतो, आणि तो वाचवण्यात दोघांचंही हित असतं, निदान गाडी पुन्हा वाजेपर्यंत. इथे दोष एकट्या मेकॅनिकच्या पदरात टाकणं बरोबर नाही.

दरम्यान आणखी एक साक्षीदार आला. एप्रिल २०१३ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना दुसऱ्या टप्प्याची ओबीडी, म्हणजे इंजिनाची स्वतःची तपासणी, बंधनकारक झाली. क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसेनासा झाला की पी००१६ असा कोड नोंदवला जातो आणि तो स्कॅनरवर दिसतो. म्हणून आज आकडा ऐकून गप्प झालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो, "स्कॅन लावला का?" कोड असला की बोलणं सोपं होतं. नसला तरी चेन चांगलीच आहे असं नाही, कारण सुरुवातीची झीज त्या मेळात दिसत नाही. उलट, कोड चेनऐवजी एखाद्या बिघडलेल्या सेन्सरमुळेही येऊ शकतो. स्क्रू ड्रायव्हरवाला मेकॅनिक हे जाणून असतो, म्हणून तो आधी तेल बघतो. डिपस्टिकवर काळं, पातळ झालेलं किंवा कमी भरलेलं तेल दिसलं, की आधी तेल बदलून पाहायला सांगतो. टेन्शनर तेलाच्या दाबावर जगतो. कधी नुसतं तेल आणि फिल्टर बदलून सकाळची ती तीन सेकंदं शांत होतात. तेवढ्यात काम भागवणारा मेकॅनिक भेटला, तर पुढच्या वेळी त्याने मोठा आकडा सांगितला तरी मालक घासाघीस करत नाही.

नाहीच भागलं, तर इंजिन उघडतं. जुनी आणि नवी चेन बाकावर शेजारी शेजारी ठेवतात. स्टील ताणलं जात नाही. पिना आणि बुश झिजतात, प्रत्येक सांध्यात केसाहून कमी. शंभर सांध्यांत प्रत्येकी एक शतांश मिलिमीटर झीज झाली तरी चेन एक मिलिमीटरने लांब होते. डोळ्यांना तो मिलिमीटर सहज दिसत नाही. मग मेकॅनिक जुनी चेन आडवी, कुशीवर धरतो. नवी चेन काठीसारखी सरळ राहते, जुनी कडेला वाकून लोंबते. टेन्शनरचा दट्ट्या किती बाहेर आलाय, तेही तो बोटाने दाखवतो. जवळजवळ शेवटपर्यंत आलेला असला, तर मालक पहिल्यांदा "अच्छा" म्हणतो. मग चेनबरोबर चाकंही बदलायची का, हा प्रश्न निघतो. जुन्या दातांवर नवी चेन लवकर झिजते, हे खरं आहे. पाण्याचा पंप त्याच बाजूला असेल तर तोही. उघडलंच आहे तर.

संध्याकाळी गाडी मिळते. जुनी चेन आणि गाईड कालच्या वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवलेले असतात. घरी ती पुडी उघडून दोनदा पाहिली जाते, बायकोला दाखवली जाते, एकदा शेजाऱ्यालाही. मग ती स्टेपनीच्या खाचेत पडून राहते, तेलाचा डाग पाडत, दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या काट्यावर चढेपर्यंत. तो ती लोखंडाच्या भावाने घेतो, जुनी की नवी असं विचारत नाही.