पाहुण्याची शिकार

शिकार म्हटली की बंदूक, मचाण आणि भिंतीवर टांगलेले वाघाचे कातडे एवढेच चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु शिकारीचा एक प्रकार असा आहे की, ज्यात शिकारी हा सर्वस्वी पाहुणा असतो. रान परके, भाषा परकी, जनावरांच्या सवयीही परक्या. अशा वेळी तो पैसे मोजून वाटाड्या घेतो, माग काढणारी माणसे घेतो, हमाल व स्वयंपाकी घेतो, आणि ठरलेल्या मुदतीत ठरलेले जनावर पदरात पाडून घेण्याची अपेक्षा करतो. या धंद्याचा जन्म पूर्व आफ्रिकेत झाला. तथापि त्याच्या इतिहासाचे काही धागे ग्वाल्हेर, कोल्हापूर आणि नागपूर या आपल्या परिचयाच्या गावांपर्यंत येऊन पोचतात; आणि या कथेने शिकविलेले धडे बंदुकीपेक्षा फार दूरवर लागू पडणारे आहेत.

पूर्व आफ्रिकेचे रान जगाला उघडे करून दिले ते आगगाडीने. मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा युगांडा रेल्वेचा मार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर व कारागीर नेण्यात आले, आणि त्यांतील अडीच हजारांच्या आसपास माणसे तेथेच मरण पावली. १८९८ साली त्सावो नदीवरील पुलाचे काम चालू असताना दोन सिंहांनी महिनोन्‌महिने मजुरांच्या तंबूंवर धाड घातली. रोज कोणी ना कोणी नाहीसा होईल या धास्तीने डिसेंबरात मजुरांनी काम सोडले आणि पुलाचे बांधकाम सुमारे तीन आठवडे बंद पडले. कामावरचा इंजिनिअर जॉन हेन्री पॅटरसन हा पूर्वी हिंदुस्थानात फौजेत होता. येथे वाघासाठी बांधतात तसे मचाण त्याने तेथे बांधून पाहिले, आणि अखेर ९ डिसेंबरास एक व २९ डिसेंबरास दुसरा सिंह मारला.

या प्रकरणावरील पॅटरसनचे पुस्तक १९०७ साली निघाले आणि अतिशय गाजले. बळींचा आकडा पुढे त्याने १३५ पर्यंत नेला. रेल्वेच्या दप्तरी मात्र २८ हिंदी मजुरांचीच नोंद होती. त्या सिंहांची कातडी १९२४ साली शिकागोच्या फील्ड म्यूझियमने विकत घेतली. एकविसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी हाडांची व केसांची रासायनिक तपासणी केली तेव्हा खाल्लेल्या माणसांची संख्या ३५ च्या आसपास असावी असा अंदाज निघाला. शिकाऱ्याच्या तोंडची संख्या आणि दप्तरातली संख्या यांत अंतर पडते, आणि खरी गोष्ट पुष्कळदा जनावराच्या हाडांतच लिहिलेली असते, हा पहिला धडा होय. त्या मेलेल्या मजुरांपैकी बहुतेकांची नावे मात्र सिंहांच्या कीर्तीखाली झाकली गेली.

आगगाडी झाली, नैरोबी वसले, आणि श्रीमंत पाहुण्यांना शिकारीस नेण्याचा धंदा उभा राहिला. त्याला जगभर प्रसिद्धी दिली ती अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी. १९०९ च्या एप्रिलात ते आपला मुलगा करमिट यासह मोंबासास उतरले. आर. जे. कनिंगहॅम आणि लेस्ली टार्ल्टन हे दोघे कसलेले शिकारी त्यांचे मार्गदर्शक होते, आणि तळाचे सामान डोक्यावरून वाहण्यासाठी दोनशेहून अधिक हमाल होते. बापलेकांनी मिळून ५१२ जनावरे मारली. स्मिथसोनियन संस्थेसाठी गोळा केलेले लहानमोठे सर्व नमुने धरले तर ती संख्या ११,००० च्या वर जाते. मोहिमेचा हेतू शास्त्रीय होता हे खरे. पण तिच्या वर्णनांनी ज्या हौशी मंडळींना आफ्रिकेची वाट दाखविली, त्यांच्यापैकी फारच थोड्यांना शास्त्राशी कर्तव्य होते.

या धंद्याची घडी मोठी विलक्षण होती. पाहुण्याच्या नावावर परवाना असे. त्यात कोणते जनावर किती मारावयाचे ते लिहिलेले असे. मुख्य वाटाड्या गोरा असे व त्याचे नाव वर्तमानपत्रांत झळके. परंतु वाळलेल्या गवतातील पाऊल ओळखणारा, वाऱ्याची दिशा पाहून वाट बदलणारा आणि जखमी रेड्याच्या मागावर सर्वांच्या पुढे चालणारा माणूस बहुधा कांबा किंवा तशाच एखाद्या स्थानिक जमातीतला असे. पाहुण्याचा नेम चुकून जनावर जखमी झाले, तर त्याचा पाठलाग करून त्याचा शेवट करण्याची जबाबदारी वाटाड्यावर येई. जखमी जनावर रानात सोडून परतणे हे त्या धंद्यातले मोठे पाप मानीत. कारण त्याची किंमत पाहुणा गेल्यावर त्या रानातल्या वाटसरूला द्यावी लागे. पैसा एकाचा, ज्ञान दुसऱ्याचे आणि जोखीम तिसऱ्याची, अशी ही वाटणी होती.

याच काळात परदेशचे रान पाहण्याऐवजी परदेशचे जनावरच घरी आणावे, अशी कल्पना एका मराठी संस्थानात निघाली. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे हे वाघाचे नामांकित शिकारी होते. सिंह मात्र एके काळी उत्तर हिंदुस्थानभर असूनही तोपर्यंत फक्त काठेवाडातील गीरच्या जंगलात उरला होता, आणि तोही अगदी थोडा. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी १९०० साली जुनागड संस्थानातील सिंहाच्या शिकारीचा बेत सिंहांची दुर्मीळता कळल्यावर सोडून दिला होता. कर्झन यांच्याच प्रोत्साहनाने १९०४ च्या सुमारास माधवरावांनी आफ्रिकेतून सिंह आणविण्याचा उद्योग आरंभिला. शिवपुरी आणि श्योपूर यांच्या दरम्यानच्या रानात त्यांच्यासाठी उंच भिंतींचा वाडा बांधण्यात आला.

पुढे हे सिंह मोकळ्या रानात सोडले गेले तेव्हा खरी कसोटी लागली. वाड्यात आयते मांस खाऊन वाढलेल्या जनावरांना हरणामागे धावण्यापेक्षा गावकुसाबाहेरची गाय सोपी वाटली. गुरे मारली गेली, मग माणसेही. काही सिंह परत पकडावे लागले. १९१६ च्या सुमारास पुन्हा सोडून पाहिले, पण फळ तेच मिळाले. सिंह इतस्ततः पांगले आणि एकेक करून बंदुकीला बळी पडले. राजाने खर्चात काटकसर केली नव्हती, जनावरेही अस्सल होती. तरी प्रयोग फसला. रान म्हणजे केवळ झाडे नव्हेत. भक्ष्य, पाणी, हद्द, आईकडून पिलाला मिळणारे शिक्षण आणि भोवतालच्या माणसांची सहनशीलता ही सारी मिळून रान बनते. त्यातले एखादे अंग वगळून उरलेले विकत आणता येत नाही.

कोल्हापूरची हकीकत निराळी, पण तात्पर्य त्याच जातीचे. पाळीव चित्त्याकडून काळविटाची शिकार करविण्याचा शौक मोगलांपासून चालत आला होता, आणि छत्रपतींच्या कोल्हापुरात तो विशेष नावारूपास आला. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता गाडीवर बसवून माळावर न्यावयाचा, कळप टप्प्यात आला की टोपी काढून त्याला मोकळे सोडावयाचे, आणि काही क्षणांच्या धावेत निकाल लागावयाचा. चित्तेवानांची कसबी घराणीच या कामासाठी पोसली जात. मात्र चित्ता कोंडलेल्या अवस्थेत सहसा वीत नाही. म्हणून प्रत्येक पिढीचा चित्ता रानातूनच धरून आणावा लागे आणि रान तेवढे रिकामे होई. हिंदुस्थानातला चित्ता मिळेनासा झाला तेव्हा संस्थानांनी आफ्रिकेकडे हात पसरला. १९१८ ते १९४५ या काळात तेथून सुमारे २०० चित्ते आणले गेल्याचा अंदाज आहे. आयातीमुळे खेळ चालू राहिला व तुटवडा डोळ्यांआड झाला. १९४७ साली कोरिया संस्थानच्या राजाने तीन चित्ते मारले, आणि १९५२ साली चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे सरकारने जाहीर केले. उणीव बाहेरून भरून काढता येते म्हणून ती उणीव नाही असे मानणे किती महागात पडते, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

स्वातंत्र्यानंतर चक्र उलटे फिरले. आता परदेशी पाहुणाच आपल्याकडे येऊ लागला. संस्थाने विलीन झाली होती, राखीव राने सरकारी वनखात्याकडे आली होती, आणि डॉलरांची देशाला गरज होती. त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपुरात विद्याचरण शुक्ल यांनी ‘ऑल्विन कूपर’ ही शिकार-कंपनी काढली. हे शुक्ल पुढे केंद्र सरकारात मंत्री झाले. बोटीने मुंबईस उतरलेला पाहुणा गाडीत बसला की ठाणे, दिवा, कल्याण मागे टाकून थळ घाट चढे आणि भुसावळवरून नागपूर गाठी. ज्या ठाणे जिल्ह्यातून त्याची गाडी धावे, त्याच्या १८८२ च्या गॅझेटिअरात वाघाची नोंद तेथील रानटी जनावरांत आहे; पण आता त्याच्यासाठी समुद्र ओलांडून आलेल्या माणसालाही आणखी शेकडो मैल आत जावे लागत होते, ही गोष्ट त्याच्या ध्यानी क्वचितच येत असेल.

शिकारीची रीत ठरीव होती. जंगलाचे ब्लॉक पाडलेले असत. ठरावीक मुदतीसाठी एका ब्लॉकचा परवाना मिळे. वाघाच्या वाटेवर संध्याकाळी रेडकू बांधीत. सकाळी ते मारलेले आढळले की जवळच्या झाडावर मचाण चढे, किंवा गावोगावची माणसे जमवून हाका घातला जाई. दोन्ही बाजूंच्या झाडांवर बसविलेली माणसे खोडावर टकटक करून वाघाला बगल देऊ देत नसत, आणि डबे वाजवीत पुढे सरकणारे हाकारे त्याला पाहुण्याच्या बंदुकीसमोर आणीत. गोंड वा कोरकू हाकाऱ्याच्या हाती काठी असे आणि दिवसाच्या शेवटी थोडी मजुरी पडे. नैरोबीच्या वाटणीचीच ही नागपुरी आवृत्ती होती.

परवाने नियमशीर होते, फी भरली जात होती, कायदा मोडला जात नव्हता. तरीही एका प्रश्नाचे उत्तर कोणापाशी नव्हते: रानात वाघ आहेत तरी किती? चहामळ्यांतले निसर्गप्रेमी ई. पी. जी यांनी १९६४ साली देशभरचा आकडा ४,००० असावा असे म्हटले, पण तोही अंदाजच. ठेव किती आहे हे न पाहता पेढीवर हुंड्या काढीत जावे, तसा हा कारभार चालला होता. १९६९ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाची परिषद दिल्लीस भरली आणि तीत वाघाच्या शिकारीवर बंदीची मागणी झाली. शिकार-कंपन्यांनी परकीय चलनाचे नुकसान पुढे केले. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी परिषदेच्या उद्घाटनातच सांगितले होते की, चलन हवे हे खरे, परंतु या सुंदर जीवांच्या प्राणांच्या मोलाने नको. १९७० साली बंदी आली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि त्याच वर्षीच्या गणतीत १,८२७ वाघ भरले. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ रानांत आपले मेळघाट होते.

मोजण्याची रीतही पुढे सुधारली. पावलांच्या ठशांवर विसंबण्याऐवजी आपोआप छायाचित्र घेणारी यंत्रे रानात लागली. २०२२ च्या गणनेवरून देशातील वाघांची संख्या सुमारे ३,६८२ असल्याचा अंदाज काढण्यात आला. ताडोब्यास पाहुणे आजही पैसे मोजून येतात, मार्गदर्शक घेतात, पहाटेच्या थंडीत माग शोधतात. फक्त हातात बंदुकीऐवजी कॅमेरा असतो आणि मार्गदर्शक आसपासच्या गावचा तरुण असतो. जे ज्ञान पूर्वी हाकाऱ्याच्या नावाने कोठेही लिहिले गेले नाही, त्याला निदान रोजगाराचे मोल आले. मात्र वाघ वाढले तसे चंद्रपूरच्या शेतकऱ्याचे व गुराख्याचे भयही वाढले आहे. तेव्हा जोखमीच्या वाटणीचा जुना प्रश्न सुटला असे म्हणता येत नाही.

ग्वाल्हेर संस्थानचे सिंह जेथे फसले, त्याच कुनोच्या परिसरात १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून ८ चित्ते आणून सोडले गेले, आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेहून आणखी १२ आले. त्यातील काही मेले, काहींना पिले झाली. यावेळी हेतू शिकारीचा नाही, हा फरक लहान नव्हे. पण शंभर वर्षांपूर्वीच्या कसोट्या बदललेल्या नाहीत: भक्ष्य पुरेसे आहे काय, हद्द पुरेशी आहे काय, आणि ज्यांच्या गोठ्याशेजारी हे जनावर नांदणार त्या माणसांना विचारले आहे काय?

परक्या रानात जाणाऱ्याने तेथल्या माणसाचे ऐकावे, आपल्या हातून झालेली जखम दुसऱ्याच्या वाटेवर सोडून येऊ नये, आणि घेण्यापूर्वी शिल्लक मोजावी, हे तीन नियम चांगला वाटाड्या पाहुण्याला पहिल्याच दिवशी सांगत असे. व्यक्तीला जे एका मुक्कामात शिकता आले, ते राज्यांना व देशांना शिकण्यास पाऊणशे वर्षे लागली, आणि मधल्या काळात या देशाने आपला चित्ता गमावला.