नौकेवरील चूल व इंधनवायू

नौकानयनाच्या इतिहासात शिडे, सुकाणू व होकायंत्र यांविषयी विपुल लेखन झाले आहे. मानाने भटारखान्याची उपेक्षाच झाली. वस्तुतः तेल पाजलेल्या लाकडाच्या व कापसाने सांधे भरलेल्या नौकेत विस्तव बाळगणे ही खलाशांच्या नित्याच्या जोखमींपैकी मोठी जोखीम होय. ही जोखीम सांभाळण्याची रीत इंधनाप्रमाणे बदलत गेली. लाकडापासून रॉकेलपर्यंतचा पालट तुलनेने सुगम ठरला. रॉकेलकडून द्रवीकृत खनिज तेल वायूकडे, म्हणजे प्रोपेन व ब्युटेन यांच्या मिश्रणाकडे, वळताना मात्र जुने अनुभव अपुरे पडले. याचे कारण इंधनाच्या ज्वलनशीलतेत नसून त्याच्या वजनात आहे.

जुन्या नौकांवर चुलीसाठी न जळणाऱ्या द्रव्याची बैठक करीत. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे १५४५ मध्ये बुडालेले व १९८२ मध्ये वर काढलेले ‘मेरी रोझ’ हे जहाज या दृष्टीने उद्‌बोधक आहे. त्याच्या तळाशी विटांच्या दोन भट्ट्या व त्यांवर बसविलेल्या मोठ्या हंड्या होत्या. पश्चिम किनाऱ्यावरील शिडाच्या गलबतांवर एवढा व्याप नसे. मातीने लिंपलेली किंवा वाळू भरलेली लाकडी पेटी उघड्या फळीवर ठेवून तीत लाकडे पेटवीत. वारा फार झाला की विस्तव विझवावयाचा व कोरड्या शिध्यावर भागवावयाचे, हा शिरस्ता. स्वयंपाक करणाऱ्या खलाशास जहाजी बोलीत ‘भंडारी’ म्हणत. कोकणातील त्याच नावाच्या जातीशी या शब्दप्रयोगाचा गोंधळ करू नये. अशा चुलीचा धोका डोळ्यांना दिसणारा होता. ठिणगी उडे, धूर होई, आणि बादलीभर पाणी वा मूठभर वाळू हा त्यावरील उपाय हाताशीच असे.

स्वीडनमधील फ्रान्स व्हिल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ च्या सुमारास बिनवातीचा, हवेच्या दाबावर चालणारा ‘प्रायमस’ स्टोव्ह प्रचारात आणला. ज्वालकाची नळी प्रथम स्पिरिटने तापवावयाची, मग पंप मारून रॉकेल वर चढवावयाचे व त्याची वाफ जाळावयाची, अशी त्याची क्रिया आहे. ॲमुंडसेन यांच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेतही (१९११) तो होता. नौकांवर त्याचा प्रसार झाला, कारण तो थोड्या जागेत मावे आणि धुराविना तीव्र आच देई. नळी पुरेशी तापली नाही तर मात्र द्रव रॉकेल बाहेर पडून भडका उडे. हलत्या नौकेत हे सहज घडे. तरीही सांडलेले रॉकेल दिसते, फडक्याने पुसता येते, आणि सामान्य तापमानास त्याची वाफ फारशी होत नाही.

प्रोपेनचे इंधन म्हणून महत्त्व अमेरिकन रसायनज्ञ वॉल्टर स्नेलिंग यांच्या १९१० नंतरच्या संशोधनामुळे कळून आले. मुंबईला नळाने येणारा इंधनवायू एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून परिचित होता. पण तो कोळशापासून केलेला, हवेपेक्षा हलका वायू होता. सिलिंडरमधील वायू मुंबईकरांना मिळू लागला तो १९५५ च्या सुमारास. त्या वर्षी माहूल येथील बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला आणि कंपनीने ‘बर्शेन’ या नावाने वायू विकण्यास प्रारंभ केला. इंडियन ऑइलचा ‘इंडेन’ १९६५ मध्ये कलकत्त्यात आला. एसोचे राष्ट्रीयीकरण १९७४ मध्ये व बर्मा-शेलचे १९७६ मध्ये झाले आणि पुढील दशकांत सिलिंडर लहान शहरांतूनही पोहोचला.

याच काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मासेमारीचे यांत्रिकीकरण होत होते. डीझेल एंजिन व बर्फ यांमुळे नौका अनेक दिवस समुद्रात राहू लागल्या आणि तांडेल व खलाशी यांचे दोन्ही वेळचे जेवण नौकेवरच शिजू लागले. घरी आलेला सिलिंडर नौकेवर चढला, यात आश्चर्य नाही. तो चढला मात्र घरगुती सवयींसह, आणि प्रश्नाचे मूळ येथेच आहे.

हवेच्या तुलनेत प्रोपेन सु. दीडपट व ब्युटेन सु. दुप्पट जड असतो. समुद्रापासून दूर, नवीन जालना येथील एखाद्या घरात शेगडीची नळी गळू लागली, तर वायू जमिनीलगत पसरतो. दार उघडताच तो उंबऱ्यावरून अंगणात निघून जाण्याची शक्यता तरी असते. नौकेला असे दार नसते. नौका हे तत्त्वतः पाणी आत येऊ न देणारे भांडे आहे, आणि जे पाणी आत येऊ देत नाही ते जड वायूही खालून बाहेर जाऊ देत नाही. गळालेला वायू फळ्यांखाली, मासळीच्या खणात व यंत्रघराच्या तळाशी साचतो. तेथेच विद्युत्‌ घटमाला, एंजिनाचा आरंभक व पाणी उपसणारा पंप असतात व त्यांपैकी कोणाचीही ठिणगी पुरते. हवेत सु. दोन टक्के वायू मिसळला की मिश्रण स्फोटक बनते. दहा घनमीटर बंदिस्त जागेस त्यासाठी अर्धा किग्रॅ.हूनही कमी वायू लागतो, आणि घरगुती सिलिंडरात तो १४·२ किग्रॅ. असतो. तो समान न पसरता तळाशी साचत असल्याने प्रत्यक्षात याहून कमी वायूही घातक ठरतो.

वायूला मूळचा वास नसतो. टेक्सस राज्यातील न्यू लंडन येथे १८ मार्च १९३७ रोजी नैसर्गिक वायूच्या स्फोटाने शाळा उद्‌ध्वस्त होऊन सु. तीनशे बळी गेले. त्यानंतर इंधनवायूत मरकॅप्टनासारखे उग्र वासाचे द्रव्य मिसळण्याची सक्ती होत गेली. मासळी व डीझेल यांच्या वासात हा इशारा नौकेवर दबून जातो. शिवाय वायू पायांखाली असतो व नाक वर. म्हणून तळाशी बसविलेला वायुसूचक ही येथे चैन मानता येत नाही.

रॉकेलच्या स्टोव्हला सिलिंडर जोडता येईल ही समजूत चुकीची आहे. त्याचा ज्वालक द्रवाची वाफ करण्यासाठी घडविलेला असतो. वायूसाठी संपूर्ण शेगडीच बदलावी लागते. नैसर्गिक वायूची शेगडी असल्यास प्रोथ, म्हणजे ज्वालकाच्या मुळाशी असलेले बारीक छिद्राचे तोंड, बदलून ते अधिक लहान घ्यावे लागते; कारण प्रोपेनची उष्णता घनफळाच्या मानाने सु. अडीचपट आहे. शुद्ध प्रोपेन व बाजारातील मिश्रण यांतही भेद करावा लागतो. ४०° से. तापमानास प्रोपेनचा दाब वातावरणदाबाच्या तेरा ते चौदा पट, तर ब्युटेनचा सु. चौपट असतो, म्हणून ब्युटेनच्या सिलिंडरात प्रोपेन भरणे प्राणघातक होय. थंड प्रदेशात −०·५° से. खाली ब्युटेनची वाफच होत नसल्याने तेथील नौका प्रोपेन पसंत करतात. आपल्या किनाऱ्यावर ही अडचण उद्‌भवत नाही.

खरा बदल शेगडीत नव्हे, तर सिलिंडरच्या जागेत करावा लागतो. आंतरराष्ट्रीय मानकांचा गाभा असा आहे की, सिलिंडर उघड्या फळीवर किंवा फक्त वरून उघडणाऱ्या हवाबंद कप्प्यात उभा व जखडून ठेवावा. कप्प्याच्या तळाला थेट नौकेबाहेर, पाण्याच्या पातळीवर उघडणारी निचरानळी असावी. तिच्यातून गळालेला वायू आपल्याच वजनाने वाहून जातो. दाबनियामक व दाबमापक कप्प्यातच असावेत. तेथून शेगडीपर्यंतची नळी मध्ये कोठेही न जोडलेली, सलग असावी. झुलत्या आधारावरील शेगडीस अखेरीस लवचिक नळी लागते व तीच आधी झिजते. खाऱ्या हवेत ती घरच्याहून लवकर बदलणे शहाणपणाचे. ज्योत विझताच वायू बंद करणारी झडप शेगडीत असावी. घरगुती शेगड्यांत ती बहुधा नसते आणि नौकेवर ज्योत विझणे तर वाऱ्याच्या मर्जीवर असते. घरगुती सिलिंडरचा असा उपयोग भारतातील नियमांनाही धरून नाही. व्यवसायासाठी १९ किग्रॅ.चा सिलिंडर मिळतो.

गळती तपासण्याची पद्धत सोपी आहे. सर्व ज्वालक बंद ठेवून सिलिंडरची झडप उघडावी व लगेच बंद करावी. दाबमापकाचा काटा किमान तीन मिनिटे स्थिर राहिला पाहिजे. तो उतरल्यास सांधे साबणाच्या पाण्याने पाहावेत; अमोनियायुक्त साबण पितळेस तडे पाडतो, तो वापरू नये, आणि काडी तर कधीच पेटवू नये. वास आल्यास सिलिंडर बंद करून सर्वांस उघड्या फळीवर आणावे. एंजिन, दिवा वा पंप यांची कळ दाबू नये. साध्या पंख्याने वायू उपसण्याचा प्रयत्नही ठिणगीमुळे अंगाशी येतो. बादलीने पाणी उपसावे तसा वायूही बादलीने उपसता येतो, हे ऐकणाऱ्यास विनोदी वाटले तरी जड वायूच्या बाबतीत शब्दशः खरे आहे. मात्र बादली प्लॅस्टिकची असावी. जेवण झाल्यावर शेगडीची नव्हे, तर सिलिंडरची झडप आधी बंद करून नळीतील वायू ज्वालकावर जळू द्यावा. मग ज्योत आपोआप मालवते व रात्रभर नळीत वायू उरत नाही.