दहा शिलिंगांची वही

३० एप्रिल १८४७ रोजी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणाऱ्या विल्यम पामर नावाच्या माणसाने एक जुनी वही दहा शिलिंगांना विकली. घेणारा होता डान्टे गॅब्रिएल रोझेटी, चित्रकलेचा विद्यार्थी, अजून एकोणीसही पुरे न झालेला. दहा शिलिंगही खिशात नव्हते, ते धाकट्या भावाने दिले. वही विल्यम ब्लेकची होती. ब्लेकला जाऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती. त्याचे नाव माहीत असणारे थोडे होते, आणि त्यांतलेही बरेच त्याला चक्रम समजत.

ही वही मुळात ब्लेकचीही नव्हे. ती त्याच्या धाकट्या भावाची, रॉबर्टची. सुरुवातीच्या पानांवर रॉबर्टची रेखाटने आहेत. फेब्रुवारी १७८७ मध्ये रॉबर्ट गेला. शेवटच्या दिवसांत विल्यम त्याच्या उशाशी डोळ्याला डोळा न लावता बसून होता, असे त्याचे चरित्रकार सांगतात. भावामागे उरलेल्या कोऱ्या पानांवर त्याने स्वतःचे काम सुरू केले आणि पुढची तीस वर्षे ती वही हातातून सोडली नाही.

आधी त्याने पानांच्या मधोमध छोटी प्रतीकचित्रे काढली. त्यांतली निवडक १७९३ मध्ये ‘द गेट्स ऑफ पॅराडाइज’ या पुस्तिकेत आली. त्याच सुमारास त्याने वही उलटी केली, मागच्या पानापासून लिहायला घेतले आणि ‘साँग्ज ऑफ एक्स्पीरियन्स’मधल्या बहुतेक कवितांचे खर्डे केले. ‘द टायगर’ आणि ‘लंडन’ इथेच घडल्या. कागद महाग, आणि ब्लेकचे हात कायम तंग. म्हणून १८१० च्या आसपास चित्रकलेवर गद्य लिहायचे झाले तेव्हा तेही त्याच पानांवर, जुन्या चित्रांच्या भोवती, समासात, ओळींच्या फटीत कोंबले गेले. ‘द एव्हरलास्टिंग गॉस्पेल’चे तुकडे तर १८१८ च्या सुमाराचे. एकेका पानावर वीस-पंचवीस वर्षे एकमेकांवर चढून बसली आहेत.

मधूनमधून निव्वळ खासगी टिपणे येतात. जून १७९३ मध्ये तो लिहितो की आपण पाच वर्षेही जगणार नाही. प्रत्यक्षात तो आणखी चौतीस वर्षे जगला. २० जानेवारी १८०७, मंगळवार, दुपारी दोन ते संध्याकाळी सात या वेळेपुढे त्याने फक्त निराशेची नोंद केली आहे, कारण दिलेले नाही. आणि शिव्या भरपूर आहेत. कामे देणारा पण कवीला कारागीर समजणारा हेली, थडग्यावरच्या कवितेसाठी ब्लेकने काढलेल्या चित्रांचे कोरीव काम दुसऱ्याला देणारा प्रकाशक क्रोमेक, मित्र म्हणवणारा स्टॉथर्ड, रॉयल अ‍ॅकॅडमीचा सर जोशुआ रेनॉल्ड्स या सगळ्यांना दोन-दोन, चार-चार ओळींत चिमटे काढले आहेत. १८०९ मध्ये ब्लेकने भरवलेले चित्रप्रदर्शन पडले आणि ‘एक्झामिनर’ने त्याला सरळ वेडा ठरवले. या ओळी वाचताना ते ध्यानात ठेवावे लागते. छापून आणण्यासाठी त्या लिहिलेल्या नव्हत्या. माणूस घरात एकटा बसून जे बोलतो, तसे हे बोलणे आहे.

ब्लेकच्या पत्नीकडून, कॅथरीनकडून, वही पामरकडे आली आणि पामरकडून रोझेटीकडे. इथून तिच्या अर्थ लावण्याची हकीकत सुरू होते, आणि ज्याच्या हाती वही गेली त्याने तिच्यात आपल्याला हवा तो ब्लेक पाहिला.

रोझेटीला सर्वांत भावल्या त्या शिव्या. पुढच्याच वर्षी तो आणि त्याचे मित्र अ‍ॅकॅडमीच्या चाकोरीविरुद्ध प्री-रॅफेलाइट मंडळ काढणार होते, आणि इथे त्यांना रेनॉल्ड्सवर तुटून पडलेला पूर्वज सापडला. अलेक्झांडर गिल्ख्रिस्टने लिहिलेले ब्लेकचे चरित्र १८६३ मध्ये आले. गिल्ख्रिस्ट ते पुरे होण्याआधीच वारला होता, त्यामुळे कवितांचा भाग रोझेटीने लावला. त्याने वृत्त सुधारले, अडखळणाऱ्या ओळी सरळ केल्या, बिननावाच्या कवितांना नावे दिली. ‘ब्रोकन लव्ह’ हे प्रसिद्ध शीर्षक ब्लेकचे नव्हे, रोझेटीचे. त्या कवितेची कडवी ब्लेकने वेगवेगळे क्रमांक घालून पुन्हा पुन्हा हलवली आहेत, शेवटचा क्रम त्यात ठरलेला नाही. पुढच्या प्रत्येक संपादकाला तो आपापल्या बुद्धीने ठरवावा लागला.

१८६८ मध्ये स्विनबर्नने ब्लेकवर ग्रंथ लिहिला आणि त्याला नीतीची बंधने झुगारणारा, कलेसाठी कला मानणारा बंडखोर केला. १८९३ मध्ये एडविन एलिस आणि तरुण डब्ल्यू. बी. येट्स यांनी तीन खंड काढले, त्यांत ब्लेक गूढवादी द्रष्टा झाला. त्याचा पाठ यांनीही मोकळ्या हाताने दुरुस्त केला.

वही मात्र तोवर इंग्लंडमधून गेली होती. १८८२ मध्ये रोझेटी वारला, त्याच्या ग्रंथांच्या लिलावात ती शंभरावर पौंडांना गेली, आणि १८८७ मध्ये ब्रुकलिनच्या डब्ल्यू. ए. व्हाइट यांनी घेतली. संग्राहक म्हटला की कपाटाला कुलूप, हे इथे खोटे ठरले. लिव्हरपूल विद्यापीठाचा ग्रंथपाल जॉन सॅम्पसन याला व्हाइटने वहीची नक्कल करून पाठवली, आणि तिच्या आधारे १९०५ ची ऑक्सफर्ड आवृत्ती निघाली. ब्लेकने खोडलेले काय आणि ठेवलेले काय, हे पाठभेदांसह प्रथमच छापले गेले. रोझेटीची रंगरंगोटी खरवडायला सुरुवात झाली ती तेव्हा.

त्यानंतर वही नुसती वाचून भागेना, ती दाखवणेही भाग झाले. पेशाने शल्यचिकित्सक असलेल्या जेफ्री केन्स यांनी १९३५ मध्ये वहीची हुबेहूब छायाप्रत काढली. १९५७ मध्ये, ब्लेकच्या जन्माच्या द्विशताब्दीला, व्हाइटच्या मुलीने मूळ वही ब्रिटिश म्युझियमला भेट दिली. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहे, आणि तिची पाने संगणकावर उलटता येतील अशीही मांडली गेली. १९७३ मध्ये डेव्हिड एर्डमन यांनी अवरक्त छायाचित्रांच्या मदतीने पुसट झालेली पेन्सिल वर आणली आणि पानापानाचा कालक्रम लावला. त्याची रीत साधी आहे. मजकूर चित्राला वळसा घालून जात असेल तर चित्र आधीचे. खर्ड्यावर वरपासून खालपर्यंत एकच उभी रेघ असेल तर ती कविता बाद नव्हे, ती छपाईच्या तांब्याच्या पत्र्यावर उतरली.

अशा वाचनाने काय हाती लागते? ‘लंडन’च्या खर्ड्यात रस्ते आणि टेम्स आधी नुसते घाणेरडे आहेत. मग ब्लेक ते विशेषण काढून सनदेचा, म्हणजे मालकीहक्काचा शब्द घालतो, आणि घाणीची तक्रार सत्तेवरचा आरोप होते. माणसांच्या बेड्याही आधी जर्मन घडणीच्या होत्या. राजघराणे हॅनोव्हरचे होते, आणि भाडोत्री जर्मन फौजा आपल्यावरच सोडल्या जातील अशी भीती त्या काळी होती. खोडून ब्लेकने त्या बेड्या मनाच्या भट्टीत घडवल्या. हा राजद्रोहाच्या खटल्याच्या भीतीने केलेला बदल, असे काही अभ्यासक म्हणतात. राजापेक्षा खोल जाऊन गुलामीचे मूळ शोधणारा बदल, असे दुसरे म्हणतात. दोघांचा पुरावा ती एकच खोडलेली ओळ.

माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते, कारण त्या पानांवरचे बहुतेक बदल एकाच दिशेने जातात, दिसणाऱ्या गोष्टीकडून तिच्या कारणाकडे. पण असे मत बनवता येते ते खाडाखोड शिल्लक राहिली म्हणून. रोझेटीने वही वाचवली हे त्याचे उपकार आहेत. तिची स्वच्छ प्रत करून जगापुढे ठेवली हा त्याचा दोष, आणि तो निस्तरायला शंभर वर्षे लागली. वही म्हणजे अर्धवट पुस्तक नव्हे. खोडलेले खोडलेलेच म्हणून वाचायचे, आणि रागाच्या भरातली ओळ कवीचे अंतिम मत म्हणून उद्धृत करायची नाही, एवढे पथ्य तिने वाचकाला घातले आहे.

आपल्याकडेही हे पथ्य हवे. केशवसुतांची कविता पुस्तकरूपाने आली ती त्यांच्या मृत्यूनंतर, आणि असे कवी मराठीत पुष्कळ आहेत. अनेक घरांत माळ्यावर वह्या असतील. तुमच्या घरी असेल तर आधी प्रत्येक पानाचे, कोऱ्या पानांचेही, छायाचित्र घ्या. पाने सुटी करू नका, क्रम लावू नका, आणि पक्की प्रत झाली म्हणून कच्ची टाकू नका.