यानाचं रडू

टेनिस बघणाऱ्या आमच्या पिढीला याना नोवोत्ना म्हटलं की एकच चित्र आठवतं. १९९३ ची विम्बल्डनची फायनल, उपविजेतेपदाचं बक्षीस घ्यायला आलेली याना आणि डचेस ऑफ केंट यांच्या खांद्यावर डोकं ठेवून तिचं हमसून हमसून रडणं. राजघराण्यातल्या बाईने तिला चक्क जवळ घेतलं!

त्या दिवशी समोर स्टेफी ग्राफ होती. पहिला सेट यानाने टायब्रेकरवर गमावला, दुसरा ६-१ असा सहज घेतला. तिसऱ्यात ती ४-१ पुढे, सर्व्हिस तिची, गुण ४०-३०. एक गुण मिळाला की ५-१. आणि तिने डबल फॉल्ट केला. तिथून ओळीने पाच गेम स्टेफीचे, ६-४. दुसऱ्या दिवसापासून यानाने कच खाल्ली, हे वाक्य तिला जे चिकटलं ते चिकटलंच. १९९५ ला फ्रेंच स्पर्धेत चंदा रुबिनविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ५-०, ४०-० अशी पुढे असून ती हरली, तेव्हा तर लोकांना पुरावाच मिळाला.

मला हे अर्धवट वाटतं. याना सर्व्हिस करून जाळ्याकडे धावणारी खेळाडू. बेसलाइनवर खेळणारीला हात थरथरला तर दोन-चार चेंडू नुसते परतवून सावरायला वेळ मिळतो. जाळ्याकडे धावणारीला ती सोय नाही. दुसरी सर्व्हिससुद्धा जोरकसच हवी, नाहीतर समोरची फटका मारून मोकळी. त्यात समोर स्टेफीचा फोरहँड! शिवाय त्याच स्पर्धेत तिने सबातिनी आणि नवरातिलोवा यांना हरवलं होतं, हे कोण सांगतं? शंभरातले अठ्ठ्याण्णव मिळाले तरी दोन कुठे गेले विचारणारे पालक मी नोकरीत पुष्कळ पाहिले. असो.

मूळची ती चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोची, जन्म १९६८ चा. हाना मांडलिकोव्हा तिची प्रशिक्षक, जी स्वतः विम्बल्डनच्या दोन फायनल हरलेली. दुहेरीत यानाने ग्रँड स्लॅमची महिला दुहेरीची १२ आणि मिश्र दुहेरीची ४ विजेतेपदं मिळवली. १९९३ च्या आधीच विम्बल्डनची महिला दुहेरी ती दोनदा जिंकली होती, म्हणजे ते गवत काही तिला परकं नव्हतं.

१९९७ ला ती पुन्हा फायनलला आली, पहिला सेट जिंकून हिंगीसकडून हरली. डचेसबाई तिला म्हणाल्या म्हणे, की तिसऱ्या वेळी जमेल. आणि १९९८ ला व्हीनस विल्यम्स, मग हिंगीस आणि शेवटी फ्रान्सची नताली तोझिया, ६-४, ७-६. वय २९. एकेरीचं तिचं हे एकमेव ग्रँड स्लॅम. चांदीची ताटली डचेसबाईंनीच दिली. त्याच वर्षी हिंगीसला जोडीला घेऊन दुहेरीही जिंकली.

१९९९ ला ती निवृत्त झाली. २०१७ च्या नोव्हेंबरात कर्करोगाने गेली, अवघ्या ४९ व्या वर्षी. तेव्हा मी पाहिलेल्या बातम्यांत पुन्हा तोच १९९३ चा फोटो, खांद्यावर रडणारा. ताटली घेऊन हसणारी याना मला शोधून काढावी लागली.