शनीचे पारदर्शक कडे आणि पुणे : वेधपरंपरेचा एक ऐतिहासिक आढावा (१८४२ ते २०२१)

प्रस्तावना

पुणे शहराच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या काठी वसलेल्या खराडीचे आकाश आज उंच इमारती आणि कार्यालयांच्या दिव्यांनी उजळून निघालेले असते. आकाशगंगेचा पट्टा तेथून दिसत नाही. परंतु शनी दिसतो. ग्रह तेजस्वी असल्यामुळे शहरी प्रकाशाचा त्यांच्या वेधांवर तुलनेने कमी परिणाम होतो आणि लहान दुर्बिणीतूनही शनीची कडी ओळखता येतात. या कड्यांच्या अभ्यासाच्या इतिहासात पुण्याचा संबंध सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वीपर्यंत मागे जातो, ही गोष्ट मात्र अभ्यासकांच्या फारशी लक्षात नसते.

प्रस्तुत लेखात शनीच्या सर्वांत आतील ठळक कड्यांपैकी एक असलेल्या ‘क्रेप’ अथवा ‘सी’ कड्याच्या पारदर्शकतेचा शोध, त्याच्याशी निगडित असलेले पुण्याचे वेधकार्य आणि त्यातून पुढे महाग्रहांच्या अंतरंगाविषयी मिळालेले ज्ञान यांचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे. वेधशास्त्रातील एखाद्या शोधाचे मोल तो प्रथम कोणी लावला यापेक्षा त्याच्या नोंदी पुढील पिढ्यांच्या हाती अखंडपणे पोहोचल्या की नाही यावर अधिक अवलंबून असते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

क्रेप कड्याचा प्रश्न

गॅलिलिओने १६१० मध्ये शनीच्या दोन्ही बाजूंस काहीतरी असल्याचे पाहिले. तथापि ते कडे आहे, हे हायगेन्सने १६५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्पष्ट केले. १६७५ मध्ये कॅसिनीला या कड्यात एक काळी फट आढळली. कडे एकसंध नसून त्याचे भाग आहेत, हे त्यामुळे कळले. परंतु कडी कशाची बनलेली आहेत, हा प्रश्न पुढे पावणेदोनशे वर्षे तसाच राहिला. ती घन तबकडीसारखी असावीत, असे अनेकांना वाटत होते.

१८५० च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेतील बाँड आणि इंग्लंडमध्ये डॉझ यांना मुख्य कड्यांच्या आत एक अतिशय मंद, धुरकट कडे स्वतंत्रपणे आढळले. शोकाच्या प्रसंगी वापरल्या जाणाऱ्या झिरझिरीत काळ्या कापडावरून त्यास ‘क्रेप कडे’ असे नाव पडले. हे कडे खरोखरच झिरझिरीत आहे काय, म्हणजे त्याच्या आरपार दिसते काय, हा त्यापुढचा प्रश्न होता. १८५२ मध्ये दोन निरीक्षकांनी त्याचे उत्तर होकारार्थी दिले. एक होते माल्टा बेटावर निरीक्षण करणारे विल्यम लॅसेल आणि दुसरे मद्रास वेधशाळेचे संचालक कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब. कडे जेथे शनीच्या बिंबावरून जाते तेथे त्या कड्यातून ग्रहाची कड दिसते, असे त्यांच्या लक्षात आले.

पुणे ते मद्रास : कॅप्टन जेकब यांचे कार्य

जेकब यांचा जन्म १८१३ मध्ये इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील अभियंता दलात ते अधिकारी होते. १८४२ मध्ये त्यांनी पुण्यात स्वतःची खाजगी वेधशाळा उभारली. पुण्यातील वेधांवरून त्यांनी २४४ जोडताऱ्यांची यादी सिद्ध केली. या कामामुळेच त्यांचे नाव खगोलशास्त्रज्ञांच्या वर्तुळात परिचित झाले आणि १८४८ च्या अखेरीस मद्रास वेधशाळेची सूत्रे त्यांच्याकडे आली. डोळा, सूक्ष्ममापक आणि संयम यांची जी तयारी क्रेप कड्याच्या वेधासाठी लागली, ती पुण्यात झाली असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

मद्रासला असतानाच जेकब यांनी शनीच्या उपग्रहांचीही मोजमापे केली. उपग्रहाचे अंतर आणि प्रदक्षिणाकाल समजला की केप्लरच्या तिसऱ्या नियमाच्या आधारे ग्रहाचे वस्तुमान काढता येते. वस्तुमानास आकारमानाने भागले असता शनीची सरासरी घनता दर घन सेंटीमीटरला सुमारे ०.६९ ग्रॅम येते, म्हणजे पाण्यापेक्षाही कमी. असा ग्रह पृथ्वीप्रमाणे खडकाचा असू शकत नाही. तो मुख्यत्वे हायड्रोजन व हेलियम या हलक्या मूलद्रव्यांचा बनलेला आहे, या निष्कर्षाकडे जाणारी वाट अशा मोजमापांतूनच जाते.

पारदर्शकतेचा अर्थ

आरपार दिसणारे कडे घन तबकडी असणे कठीण आहे. केंब्रिज विद्यापीठाने १८५५ मध्ये ॲडम्स पारितोषिकासाठी शनीच्या कड्यांच्या स्थैर्याचा विषय जाहीर केला. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचा निबंध १८५७ मध्ये पारितोषिकास पात्र ठरला व १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. घन कडे स्थिर राहू शकत नाही, द्रव कडे तुटून त्याचे गोळे होतील. म्हणून कडी ही स्वतंत्रपणे फिरणाऱ्या असंख्य कणांची बनलेली असली पाहिजेत, असे त्यांनी गणिताने दाखविले. १८८९ मध्ये बर्नार्ड यांनी आयापिटस हा शनीचा उपग्रह क्रेप कड्याच्या सावलीतून जाताना मंद होतो पण नाहीसा होत नाही, असे पाहिले. १८९५ मध्ये कीलर यांनी वर्णपटाच्या साहाय्याने कड्यांचा आतील भाग बाहेरील भागापेक्षा वेगाने फिरतो हे सिद्ध केले. घन तबकडीत याच्या उलट घडले असते. अशा रीतीने दुर्बिणीतून दिसलेल्या एका मंद छटेचा अर्थ सुमारे चार दशकांत निश्चित झाला.

पुण्यातील दोन खंड

प्रकृतीच्या कारणास्तव इंग्लंडला परतलेल्या जेकब यांनी पुणे परिसरातील उंच डोंगरावर वेधशाळा उभारण्याची योजना मांडली. उंचावर हवा विरळ व स्थिर असते आणि ग्रहांचे बारकावे अधिक स्पष्ट दिसतात, हा त्यामागील विचार होता. १८६२ मध्ये ब्रिटिश संसदेने त्यासाठी १००० पौंड मंजूर केले. जेकब नऊ इंची दुर्बिणीसह तीन वर्षे काम करणार होते. ८ ऑगस्ट १८६२ रोजी ते मुंबईस उतरले आणि १६ ऑगस्ट रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्यासोबत योजनाही संपली.

त्याच काळात पुण्यात गणित व ज्योतिष यांचे थोर अध्यापक केरो लक्ष्मण छत्रे कार्यरत होते. त्यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६० मध्ये प्रसिद्ध झाली होती. तरुणपणी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत त्यांनी काम केले होते. नवी दुर्बीण आणि स्थानिक विद्वत्ता एकाच नगरात एकत्र येण्याची ही संधी होती, आणि ती आठ दिवसांच्या अंतराने हुकली.

दुसरी संधी पाव शतकाने आली. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या साहाय्याने पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. आजच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाची ही पूर्वसंस्था होय. प्रा. कावसजी दादाभाई नायगामवाला हे वेधशाळेचे प्रमुख होते. तेथील २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे वर्णपटीय निरीक्षणे केली. परंतु १९१२ मध्ये नायगामवाला निवृत्त झाल्यावर ही वेधशाळा बंद करण्यात आली व तिची उपकरणे कोडाईकनाल येथे हलविण्यात आली. दोन्ही प्रसंगी कारण एकच दिसते. कार्य संस्थेचे नव्हे, व्यक्तीचे होते. व्यक्ती गेली आणि कार्य थांबले.

कावलूर, १९७७

मद्रास वेधशाळेचे तसे झाले नाही. तिचे खगोलशास्त्रीय कार्य १८९९ मध्ये कोडाईकनालला गेले आणि तेथील परंपरेतून १९७१ मध्ये भारतीय ताराभौतिकी संस्था ही स्वायत्त संस्था झाली. जेकब यांचे मद्रासचे वेध आणि पुण्याची २० इंची दुर्बीण या दोहोंचा वारसा अशा प्रकारे एकाच संस्थेकडे आला.

१० मार्च १९७७ रोजी युरेनस ग्रह एका ताऱ्यासमोरून जाणार होता. अशा पिधानाच्या वेळी ताऱ्याचा प्रकाश ग्रहाच्या वातावरणातून येताना क्रमाक्रमाने मंद होतो व त्यावरून वातावरणाची माहिती मिळते. हिंदी महासागरावर विमानातून निरीक्षण करणाऱ्या अमेरिकन चमूला ताऱ्याचा प्रकाश ग्रहापासून दूर असतानाच अनेक वेळा क्षणभर कमी झालेला दिसला. तमिळनाडूतील कावलूर येथे एक मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर जे. सी. भट्टाचार्य व के. कुप्पुस्वामी यांनाही अशी घट नोंदविता आली. आरंभी त्यांनी तो नवा उपग्रह असावा, असा अर्थ लावला. पुढे त्याच वर्षी भट्टाचार्य आणि वेणू बाप्पू यांनी नोंदींचे पुनर्विश्लेषण करून युरेनसभोवती शनीसारखी कडी असल्याचे मांडले.

पहिला निष्कर्ष चुकीचा होता. नोंद मात्र अचूक होती. जेकब यांच्या बाबतीतही असेच घडले होते. १८५५ मध्ये त्यांनी ‘७० ऑफिउची’ या जोडताऱ्याच्या गतीतील विसंगतीवरून तेथे एक ग्रह असावा, असे अनुमान केले. ते पुढील संशोधनात टिकले नाही. परंतु अनुमान मागे घेता येते, न घेतलेला वेध मागाहून घेता येत नाही. इतिहासलेखनात हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

कड्यातून गाभ्याकडे

२००४ ते २०१७ या काळात शनीभोवती फिरलेल्या कॅसिनी यानाने पिधानाची हीच पद्धत फार मोठ्या प्रमाणावर वापरली. कड्यांमागून जाणाऱ्या ताऱ्यांचा प्रकाश किती कमी होतो हे मोजताना सी कड्यात, म्हणजे जेकब यांनी पारदर्शक ठरविलेल्या क्रेप कड्यात, सर्पिल आकाराच्या सूक्ष्म लहरी स्पष्ट झाल्या. शनीचे प्रवाही अंतरंग घंटेप्रमाणे कंप पावते. त्या कंपनांमुळे त्याचे गुरुत्वाकर्षण किंचित बदलते आणि ज्या कणांची गती कंपनाशी जुळते त्या कणांत लहर उठते. भूकंपलहरींवरून पृथ्वीच्या पोटाची कल्पना यावी, तशी या लहरींवरून शनीच्या अंतरंगाची कल्पना येते. २०१३ मध्ये हेडमन व निकोल्सन यांनी सी कड्यातील काही लहरींचा शनीच्या कंपनांशी असलेला संबंध दाखवून दिला.

यातून दोन महत्त्वाच्या गोष्टी निष्पन्न झाल्या. शनीच्या ढगांचे पट्टे निरनिराळ्या वेगाने फिरतात. विषुववृत्ताजवळील वारे ताशी सुमारे १८०० किलोमीटर वेगाने वाहतात. त्यामुळे ढगांकडे पाहून ग्रहाच्या अंतर्भागाचा दिवस किती मोठा, हे ठरविता येत नव्हते. कड्यातील लहरींवरून तो सुमारे १० तास ३३ मिनिटे ३८ सेकंद असल्याचे २०१९ मध्ये मांडण्यात आले. तसेच २०२१ मधील मॅन्कोविच व फुलर यांच्या अभ्यासानुसार शनीचा गाभा म्हणजे खडकाचा स्पष्ट कडा असलेला गोळा नाही. बर्फ, खडक आणि वायू यांचे ते हळूहळू बदलत जाणारे मिश्रण असून ते ग्रहाच्या त्रिज्येच्या सुमारे ६० टक्क्यांपर्यंत पसरलेले आहे. ज्या कड्यातून एकेकाळी ग्रहाची केवळ कड दिसली, त्याच कड्याने अखेर ग्रहाचे अंतरंग उघड केले.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, महाग्रहांच्या अभ्यासात पुण्याचा वाटा आरंभकर्त्याचा होता, परंतु १८६२ व १९१२ मध्ये तो खंडित झाला. सातत्य टिकले ते नोंदी आणि उपकरणे जपणाऱ्या संस्थांमुळे. आज पुण्यात आयुका आहे, नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे आणि १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी निरीक्षकांना एकत्र आणत आहे. म्हणजे संस्थांची उणीव आता राहिलेली नाही. उणीव असलीच तर ती सामान्य महाविद्यालयांच्या पातळीवरील नियमित वेधांची आहे.

२०२५ मध्ये शनीची कडी पृथ्वीवरून अगदी कडेने दिसली व जवळजवळ अदृश्य झाली. येत्या काही वर्षांत ती क्रमशः उघडत जातील. खराडीसारख्या उजळलेल्या उपनगरातील महाविद्यालयाच्या गच्चीवरूनही हा बदल मध्यम दुर्बिणीने पाहता येईल. दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांच्या हाती एकच नोंदवही देऊन तो टिपून ठेवला, तर पुण्यात दोनदा तुटलेला धागा पुन्हा जोडल्यासारखे होईल.