बोगालुसाची मुलं

हृदयविकार म्हणजे पन्नाशीनंतरचं दुखणं, असंच आपण धरून चालतो ना? पण कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं डॉक्टरांनी तपासली, तेव्हा १०० मागे ७७ जणांच्या रक्तवाहिन्यांत रोगाच्या खुणा सापडल्या. सरासरी वय २२! धडधाकट म्हणून निवडलेले जवान हे. अहवाल छापला गेला १९५३ साली. मग हे सुरू तरी कधी झालं?

उत्तर मिळालं लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा गावी. हे कागद गिरणीचं गाव. १९६५ मध्ये काळ्या नागरिकांच्या हक्कांच्या लढ्यात तिथे गोळीबारापर्यंत मजल गेली होती. तिथल्याच डॉ. जेराल्ड बेरेनसन यांनी १९७३ पासून काळी आणि गोरी, दोन्ही मुलं एकाच तपासणीत आणली. वजन, उंची, रक्तदाब, रक्तातली चरबी. काही वर्षांनी पुन्हा तेच. मला बाईला कौतुक वाटतं ते पोरांचं. आमच्याकडे लस टोचायच्या दिवशी निम्मा वर्ग गैरहजर असे!

यातली काही मुलं अपघातात वगैरे अकाली गेली. त्यांची शवविच्छेदनं झाली, आणि १९९८ साली निष्कर्ष आले. २०४ जण, वयं २ ते ३९. त्यातल्या ९३ जणांच्या जिवंतपणीच्या नोंदी हाताशी होत्या. लठ्ठपणा, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांतला एकही दोष नसलेल्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आतल्या अस्तराचा १.३ टक्के भाग चरबीच्या पट्ट्यांनी व्यापला होता. तीन-चार दोष असलेल्यांत ११ टक्के. पट्ट्या म्हणजे लगेच झटका नव्हे, पण सुरुवात तिथे होते.

आपल्या पुण्याने तर त्याही मागे नेलं. डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत आईच्या गरोदरपणापासूनच नोंदी ठेवल्या. तिथली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा पाऊण किलोने हलकी, पण अंगातली चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली. म्हणजे दिसायला हडकुळी, आणि पुढे मधुमेह-हृदयविकाराचा धोका आहेच.

आमच्या घरी किडकिडीत नातवाच्या ताटात तुपाचा जादा चमचा अजून पडतो. सून म्हणते, पोराचा रक्तदाब एकदा मोजून घेऊ, तर थोरली मंडळी हसतात. मी सुनेच्या बाजूची.